मुलांना थेरपीला नेण्याआधी आईबाबा विचारतात ते सगळे प्रश्न

मी मुलांची काउन्सेलर आहे, आधी बरीच वर्षं एका शाळेत होते आणि आता माझं छोटं सेंटर आहे, दोन खोल्यांचं. रोज फोनवर आणि व्हॉट्सॲपवर साधारण हेच प्रश्न येतात आणि घाईघाईत उत्तर देताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. मुलांच्या ज्या गोष्टी सांगितल्यात त्यात ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

हट्ट, रडारड तर सगळीच मुलं करतात. मग न्यायचं कधी?

बदल बघा. तुमचं मूल आधी जसं होतं त्यापेक्षा वेगळं वागतंय का, ते दोन-तीन आठवडे टिकलंय का, आणि झोप, जेवण, शाळा, मित्र यातलं काही बिघडलंय का. मूल मुळातच अबोल असेल तर अबोल असणं हा प्रॉब्लेम नाही, पण दिवसभर बडबडणारी मुलगी एकदम गप्प झाली तर लक्ष द्यायला हवं.

लहान मुलं "मला टेन्शन आलंय" असं म्हणत नाहीत, त्यांचं पोट दुखतं. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि शनिवारी दुपारी ठणठणीत असतं, सोनोग्राफी होते, ती नॉर्मल येते, मग घरातलं कोणीतरी म्हणतं नाटकं करतोय. नाटकं नसतात हो, भीतीने पोट खरंच दुखतं, मोठ्यांच्याही पोटात गोळा येतोच की. मोठ्या मुलांमध्ये उदासी बरेचदा चिडचिडीच्या रूपात दिसते, दार आपटणं, उलट बोलणं, आणि आपण म्हणतो वयच तसं आहे. कधी कधी वयच तसं असतं. पण ज्या गोष्टीचं वेड होतं, क्रिकेट, डान्स, चित्रं, तीच त्याने सोडून दिली असेल तर वयावर ढकलू नका.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या साधारण ७ टक्के मुलांना मानसिक त्रास असल्याचं दिसलं होतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार मुलं.

थेरपीला नेलं म्हणजे मुलावर वेडा म्हणून शिक्का बसेल का? पुढे लग्नात वगैरे?

नाही. आणि हा प्रश्न मुलींच्या आईच जास्त विचारतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना तो कोणीतरी विचारायला लावलेला असतो. माझ्याकडे कोण येतं ते मी कोणालाच सांगत नाही, अगदी तुमची नणंद माझ्या ओळखीची असली तरी.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, नक्की कोणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर, औषध देण्याचा अधिकार त्यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्टिंग आणि थेरपी करतात, त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे रजिस्ट्रेशन लागतं, नंबर मागा, विचारायला लाजू नका. काउन्सेलर या शब्दाला मात्र आपल्याकडे अजून तितकं कडक कुंपण नाही, दोन वर्षांचं एमए केलेलाही काउन्सेलर आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही काउन्सेलर. त्यामुळे शिक्षण काय, मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, आणि गरज पडली तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. चांगलं काम करणाऱ्याला त्याचा राग येत नाही.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेत येणाऱ्या फिट्स, कमी ऐकू येणं या गोष्टींमुळेही मूल "वेगळं" वागतं, ते आधी तपासलेलं बरं.

खोलीत तुम्ही नक्की करता काय? मुलगा म्हणतो नुसतं खेळलो. त्याचे पैसे?

हो, खेळतोच. आठ वर्षांच्या मुलाला समोर खुर्चीवर बसवून "तुला कसं वाटतंय" विचारलं तर तो "बरं" म्हणेल आणि पंख्याकडे बघत बसेल. त्याच्याकडे शब्द नसतात, खेळ असतो.

एक मुलगा यायचा, दुसरीतला. रात्री अंथरूण ओलं करायला लागला होता, तेही पाचव्या वर्षापासून कोरडा असताना. माझ्याकडे मातीचा गोळा आहे, खेळायची ती रंगीत माती, त्याच्या तो पोळ्या करायचा. चार पोळ्या थापायचा, आईला, बाबांना, स्वतःला, आणि एक उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या वेळी मी नुसतंच म्हटलं, ही एक बाजूला ठेवलीये. तर म्हणाला, "आजीची आहे, ती गावाहून आली की खाईल."

आजी जाऊन सात महिने झाले होते. घरच्यांनी त्याला सांगितलं होतं आजी गावाला गेलीये, फोटो माळ्यावर ठेवून दिला होता, त्याच्यासमोर कोणी रडायचं नाही असं ठरलं होतं. सगळं मायेपोटीच. आणि हा पोरगा सात महिने विचार करत होता की आजी मला न सांगता का गेली, फोन का करत नाही, मी काय केलं. दप्तरात त्याने एक बनियन आणि ब्रश भरून ठेवला होता, गावाला जायला लागलं तर म्हणून.

मग मी आईबाबांना बोलावलं, खरं कसं सांगायचं याची आम्ही अक्षरशः प्रॅक्टिस केली, साध्या शब्दांत, झोपली नाही, देवाघरी फिरायला गेली नाही, वारली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही, आणि तुझ्यामुळे नाही. आईला ते वाक्य पूर्ण बोलता यायला दोन सेशन लागले. तर हे असतं "नुसतं खेळलो".

मोठ्या मुलांबरोबर जास्त बोलणं असतं. भीती, काळजी, उदासी यासाठी सीबीटी नावाची पद्धत वापरतो, त्यात डोक्यात आपोआप येणारा विचार पकडायचा, तो खरा आहे का तपासायचा, आणि ज्याची भीती वाटते ते छोट्या छोट्या पायऱ्यांनी करून बघायचं. शाळेला घाबरणारा मुलगा पहिल्या दिवशी फक्त गेटपर्यंत जाऊन येतो. लोकांना वाटतं हे काय, गेटपर्यंत तर जायचंय. त्याच्यासाठी तो सिंहगड असतो.

तो तुम्हाला काय बोलला ते आम्हाला सांगणार ना? आम्ही आईवडील आहोत.

सगळं नाही सांगणार. पहिल्याच दिवशी मी तुमच्या दोघांसमोर मुलाला हा नियम सांगते: तू बोललेलं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तू कोणाला इजा करणार असशील किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. काम कसं चाललंय, घरी काय बदलायला हवं, हे तुम्हाला नियमित कळेल. कोणती मुलगी आवडते ते नाही कळणार.

लैंगिक अत्याचाराबद्दल काही समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, माझ्यावरही आणि शाळेवरही. घरातलाच माणूस असला तरी. "घरातलं घरात मिटवू" हे मी ऐकून घेत नाही, आणि याबाबतीत मला कोणाची भीड वाटत नाही.

आणि एक विनंती. सेशन संपल्यावर गाडीवर बसता बसता "काय विचारलं मॅडमनी, तू काय सांगितलंस" असं सुरू करू नका. वडापाव खायला न्या. बोलायचं असेल तर ते बोलेल.

मुलगी यायलाच तयार नाही. ओढून आणू का?

ओढून नको, आणि खोटं सांगून तर अजिबात नको. "दाताच्या डॉक्टरकडे चाललोय" सांगून आणलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांचा विश्वास आधीच तुटलेला असतो आणि तो मला शिवत बसावा लागतो. "तुला काही झालंय म्हणून" असं म्हणण्यापेक्षा "आपल्या घरात हल्ली सगळेच चिडचिड करतोय, मला मदत हवीये, तू एकदा येशील का, नाही आवडलं तर दुसरं कोणीतरी बघू" असं सांगा. तरी नाही म्हणाली तर तुम्ही दोघं या. खरंच, मूल एकदाही न येता फक्त आईबाबांबरोबर काम करून बरंच काही सुधारतं, विशेषतः दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांचं.

आम्हाला का बोलावता? प्रॉब्लेम त्याचा आहे.

या प्रश्नासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. मूल माझ्याकडे आठवड्यातून पाऊण तास असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. रिक्षा गॅरेजला सोडून संध्याकाळी दुरुस्त झालेली न्यायची, तसं मुलाचं होत नाही. मी खोलीत त्याला शिकवलं की राग आला की शब्दांत सांग, आणि घरी जाऊन त्याने सांगितलं "बाबा मला राग आलाय" आणि बाबा म्हणाले तोंड वर करून बोलतोस, तर माझा पाऊण तास वाया गेला, आणि पोराला कळलं की शब्द चालत नाहीत.

यात तुमची चूक काढायची नसते हो. बऱ्याच आई रडतात समोर बसल्या की, मीच कमी पडले म्हणतात. तुम्ही नोकरी, सासर, पाणी कधी येतंय, हप्ते हे सगळं सांभाळून त्याला घेऊन आलात हेच खूप आहे. मला फक्त एवढं हवं असतं की घरी रोज दहा मिनिटं, मोबाईल बाजूला, अभ्यासाचा विषय न काढता, मूल ठरवेल ते त्याच्याबरोबर करायचं. भांडी घासतानाच्या गप्पाही चालतात. आणि बाबा लोकांना हात जोडून सांगते, तुम्हीही या, फक्त पार्किंगमध्ये थांबू नका.

दहावी आहे यंदा. परीक्षा झाल्यावर सुरू केलं तर?

परीक्षेआधीच सुरू करा. झोप नाही, हातपाय गार पडतात, येत असलेलं पेपरमध्ये आठवत नाही, हे सगळं मार्चनंतर बरं करून काय उपयोग. तीन-चार सेशनमध्येही फरक पडू शकतो. बोर्ड परीक्षेच्या काळात राज्य मंडळ दरवर्षी समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, तेही वापरा. नीट-जेईईसाठी लातूरला, कोट्याला, हॉस्टेलवर ठेवलेल्या मुलांना फोनवर पहिला प्रश्न "टेस्टमध्ये किती" हा विचारू नका. जेवलास का, कोणाबरोबर जेवलास, हे विचारा. एकटाच जेवतो हे कळलं तरी बरंच काही कळतं.

आणि घोकूनही लिहिता येत नाही, अक्षरं उलटसुलट, तोंडी सगळं येतं असं असेल तर तो आळशी नाही, लर्निंग डिसेबिलिटी असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे, आणि सरकारी केंद्रातून सर्टिफिकेट मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांत ही तपासणी होते. वेळ लागतो, दहावीत जागं होऊ नका.

दिवसभर मोबाईल. तो सोडवा फक्त.

मोबाईल हिसकावून घेण्याआधी बघा तो मोबाईलमध्ये काय शोधतोय. मित्र नाहीत म्हणून गेम, की घरात भांडणं म्हणून हेडफोन. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचेही, हॉलमध्ये चार्जिंगला, एवढ्याने सुरुवात करा.

हातावर जखमा दिसल्या, किंवा "मला मरावंसं वाटतं" म्हणाली. आता काय करू?

आधी ओरडू नका, शपथा घालू नका, "आमचं काय चुकलं" असं रडू नका तिच्यासमोर. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलांना सुटल्यासारखं वाटतं. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं जर्किन घालून बसलेली एक मुलगी मला म्हणाली होती, "ताई, मी वाट बघत होते कोणीतरी बाह्या वर कर म्हणेल याची."

तिला एकटीला सोडू नका. घरातली सगळी औषधं, शेतातली फवारणीची औषधं, सगळं कुलपात, आणि किल्ली तुमच्या कमरेला. त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे किंवा सिव्हिलमध्ये जा, सोमवारपर्यंत थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. मुलाला कोणी मारत असेल, छळत असेल तर १०९८, हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मूल स्वतःही लावू शकतं, तो पाठ करून घ्या त्याच्याकडून. जीव धोक्यात असेल तर ११२.

पोलिस केस होईल म्हणून लोक हॉस्पिटल टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावात होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा नाही, उलट तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जाईल, जबाब होईल, पण त्या भीतीने उपचाराला उशीर करू नका.

औषधं सुरू केली तर सवय लागते का?

सगळ्यांना औषधं लागतही नाहीत, पण लागली तर घ्या. नैराश्यावर मुलांना देतात त्या गोळ्यांनी व्यसन लागत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मात्र मुलाकडे डोळ्यात तेल घालून बघायचं, अस्वस्थपणा वाढला किंवा जीव देण्याचं बोलायला लागला तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, कमी करतानाही डॉक्टरच सांगतील तसं हळूहळू.

दृष्ट काढली, देवस्थानी नेलं. ते चालेल का?

आजीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली तर माझी काहीच हरकत नाही, नातवाला कळतं की आपली काळजी करणारं कोणीतरी आहे. पण कोंडून ठेवणं, मारणं, चटके, धुरी, भूत उतरवणं याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. आणि महिनोन् महिने वाऱ्या करण्यात उपचाराचा वेळ जातो, तो परत मिळत नाही.

परवडत नाही. एका सेशनचे हजार-दीड हजार कुठून आणू?

प्रश्न अगदी खरा आहे, आणि आमची फी अनेकांना झेपत नाही हे मला माहितीये. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार ओपीडी असते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतात, चौकशी करा. लहान मुलांच्या वाढीच्या, बोलण्याच्या तक्रारींसाठी डीईआयसी म्हणजे जिल्हा पातळीवरची सरकारी केंद्रं आहेत, अंगणवाडीताई किंवा शाळेत तपासणीला येणारं पथक तिकडे पाठवतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करतेय. गोव्यात असाल तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. आणि मोठ्या शहरात काउन्सेलरला सरळ विचारा, कमी फीच्या जागा बरेच जण ठेवतात, मीही ठेवते.

शाळेला सांगायचं का?

मुलाला विचारून, आणि एकाच माणसाला, ज्या बाई त्याला आवडतात त्यांना. पूर्ण स्टाफरूमला कळायची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलंय, पालकसभेत हा प्रश्न उठवा. पीटीच्या सरांनाच काउन्सेलर म्हणून दाखवू नका एवढं सांगा.

ऑनलाइन चालतं का?

तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना चांगलं चालतं, लहानांना फारसं नाही. घरात एकच खोली असेल तर मुलं गच्चीवरून, पार्क केलेल्या गाडीतून बोलतात, तेवढा वेळ त्यांना एकटं द्या, दाराला कान लावू नका.

किती दिवस चालणार हे? कधी थांबायचं?

साधी भीती, परीक्षेचं टेन्शन असेल तर आठ-दहा सेशन, मोठा आघात किंवा घरात खूप काही चालू असेल तर वर्षभरही. चार-पाच सेशननंतर काहीच हललं नाही असं वाटलं तर मला स्पष्ट विचारा, आणि पटलं नाही तर दुसरीकडे न्या, मला वाईट वाटणार नाही. एकदम बंद मात्र करू नका, मुलाला निरोपाचं एक सेशन हवं असतं, नाहीतर त्याच्यासाठी मीही न सांगता गेलेली होते.

त्या दुसरीतल्या मुलाच्या शेवटच्या वेळी त्याने पोळ्या केल्याच नाहीत, डायनोसॉर केला. आई म्हणाली अंथरूण दोन महिने कोरडं आहे, आणि आजीचा फोटो माळ्यावरून काढून हॉलमध्ये लावलाय, त्याला फूल रोज तोच घालतो, स्टूलवर चढून.